फ्लिप कव्हरमधलं लोहचुंबक आणि त्या मेसेजमध्ये नसलेलं वाक्य

"फ्लिप कव्हर ताबडतोब काढा. त्यातल्या चुंबकाने बॅटरी संपते, फोनची मेमरी पुसली जाते, एटीएम कार्ड बाद होतं आणि कव्हर ओळखणारा सेन्सर चोवीस तास घातक किरणं सोडतो." अशा आशयाचा मेसेज बरेच दिवस ग्रुपांवर फिरतोय. परवा मामीनेही पाठवला, खाली "खरंय का रे?" मामांना पेसमेकर बसवलाय, म्हणून हो-नाही करून विषय संपवावासा वाटला नाही.

आधी किरणांचं बघू. कव्हर मिटलं की स्क्रीन विझते ती बहुतेक वेळा हॉल सेन्सरमुळे. एडविन हॉल यांनी १८७९ मध्ये बाल्टिमोरमध्ये पाहिलं की सोन्याच्या पातळ वर्खातून वीज वाहत असताना काटकोनात चुंबकीय क्षेत्र लावलं, तर वर्खाच्या दोन कडांमध्ये किंचित व्होल्टेज येतो. फोनमध्ये वर्खाऐवजी सिलिकॉन असतं, एवढंच. चुंबक जवळ आलं की व्होल्टेज वाढतो, ठरावीक हद्द ओलांडली की "कव्हर मिटलं" असा इशारा जातो. हा सेन्सर फक्त मोजतो, बाहेर काहीही सोडत नाही. कानाला फोन लावल्यावर स्क्रीन बंद करणारा सेन्सर वेगळा. तो बहुतेक फोनांत इन्फ्रारेड प्रकाशावर चालतो, टीव्हीच्या रिमोटसारखा, आणि त्यातही घाबरण्यासारखं काही नाही.

घरात कव्हरवाला टॅबलेट असेल तर छोटंसं चुंबक त्याच्या कडेकडेने हळू फिरवून बघा. एका जागी स्क्रीन पटकन विझते, दोन बोटं बाजूला सरकवलं की काहीच होत नाही. तिथे आत तिळाएवढा सेन्सर बसलेला आहे. माझ्या एका मित्राचा लॅपटॉप टाइप करता करता मधेच झोपायचा. दुरुस्तीला न्यायची तयारी झाली होती. कारण निघालं ते घड्याळाच्या चुंबकी पट्ट्यात! मनगट नेमकं सेन्सरवर टेकत होतं आणि लॅपटॉपला झाकण मिटल्यासारखं वाटत होतं.

आता बॅटरी. हा सेन्सर सतत जागा नसतो. साधारण ५०-६० मिलिसेकंदांतून एकदा, काही मायक्रोसेकंद डोळे उघडतो, बघतो आणि पुन्हा झोपतो. सरासरी खर्च ५ मायक्रोअँपिअरच्या आसपास. हिशेब करा: दिवसाला ०.१२ एमएएच, वर्षाला सुमारे ४४. फोनची बॅटरी ५००० एमएएचची, म्हणजे वर्षभरात एका चार्जचा एक टक्काही जात नाही. उलट कव्हर मिटताच स्क्रीन बंद होते, त्यात कितीतरी जास्त वाचतं.

मेमरीचा मुद्दा फ्लॉपीच्या जमान्यातला आहे. फोनमधली फ्लॅश मेमरी माहिती विद्युतभाराच्या रूपात साठवते, तिला कव्हरचं चुंबक काही करू शकत नाही.

कार्डाचं मात्र अर्धं खरं आहे. काळ्या चुंबकी पट्टीवरची माहिती बिघडू शकते. हॉटेलच्या खोलीची पट्टीवाली कार्डं तर फार नाजूक, ती कव्हरच्या कप्प्यात ठेवूच नका. पण नुसत्या पट्टीची बँक कार्डं बदलून चिपची द्यायला रिझर्व्ह बँकेने ३१ डिसेंबर २०१८ ची मुदत घातली होती, आणि चिपवर चुंबकाचा परिणाम होत नाही. फोनचा होकायंत्र-सेन्सर मात्र चुंबकाने खरंच भरकटतो. नकाशावरचा बाण उलटा दिसला तर आधी कव्हर काढून बघा.

मला राग येतो तो पुढच्या गोष्टीसाठी. नको तिथे घाबरवणाऱ्या या मेसेजमध्ये पेसमेकरचा उल्लेखच नाही! पेसमेकरच्या आतही चुंबक ओळखणारी सोय असते. जुन्यांमध्ये काचेच्या नळीतला रीड स्विच (चुंबक जवळ आलं की पत्र्या चिकटून चालू होणारा), नव्यांमध्ये हॉल किंवा तसलाच इवलासा सेन्सर. ती मुद्दाम ठेवलेली असते. डॉक्टरांनी छातीवर चुंबक धरलं की बहुतेक पेसमेकर हृदयाचे स्वतःचे ठोके न बघता ठरावीक गतीने चालू लागतात, आणि आयसीडी (ठोके जीवघेणे बिघडले तर शॉक देणारं, छातीत बसवलेलं यंत्र) असेल तर ते शॉक देणं थांबवतं. त्यासाठी १० गाउसच्या (गाउस हे चुंबकीय क्षेत्र मोजायचं एकक) आसपासचं क्षेत्र पुरतं. मग ते डॉक्टरांचं चुंबक आहे की फोनचं, हे त्या सेन्सरला कसं कळणार? २०२१ मध्ये अमेरिकेतल्या हेन्री फोर्ड हॉस्पिटलच्या डॉक्टरांनी आत चुंबकं असलेला आयफोन १२ रुग्णाच्या छातीवर धरल्यावर आयसीडी असंच थांबल्याचं नोंदवलं. अ‍ॅपल स्वतःच सांगतं की असा फोन १५ सेंटिमीटरहून दूर ठेवा, वायरलेस चार्जिंग चालू असेल तर ३० सेंटिमीटरहून.

कव्हरचं चुंबक त्याहून लहान असतं, आणि अंतर वाढलं की चुंबकाचा जोर झपाट्याने घटतो, दुप्पट अंतरावर जवळजवळ एक अष्टमांश. त्यामुळे टेबलावरच्या फोनची भीती नको. पण मामांचा पेसमेकर डाव्या खांद्याखाली आहे आणि फोन असतो सदऱ्याच्या डाव्या खिशात.

मामी, कव्हर राहू दे. फोन तेवढा आजपासून पँटच्या खिशात ठेवायला सांग, फोन उजव्या कानाला लावायला सांग, आणि पुढच्या तपासणीला तो सोबत नेऊन डॉक्टरांना दाखव.