क्लोन मारायचाय? त्यात काय एवढं!

शुक्रवारी संध्याकाळी पावणेसहाला मॅनेजरचा फोन येतो. "काय रे, बिझी नाहीस ना? जरा प्रॉडचा एक क्लोन मारून दे टेस्टवर. सोमवारी फायनान्सवाले टेस्टिंगला बसतायत." (प्रॉड म्हणजे कंपनीचं रोजचं खरं काम चालतं ती सिस्टिम, टेस्ट म्हणजे तपासण्या करायची, आणि क्लोन म्हणजे पहिलीची दुसरीवर काढलेली हुबेहूब नक्कल.) यातले 'जरा' आणि 'एक' हे शब्द नीट ऐका. टपरीवर कटिंग सांगतानाही माणूस याच सुरात सांगतो. तुम्हीही त्याच सुरात "हो, मारतो" म्हणून टाका. टेस्टच्या डिस्कवर जागा किती आहे, असले प्रश्न विचारून लोकांच्या वीकेंडवर विरजण घालू नका. प्रॉड दोन टीबीचं आणि टेस्टवर रिकामी जागा दीड टीबी, हे रात्री अडीच वाजता कॉपी अडकली की आपोआप कळतं.

आता ही सिस्टिम म्हणजे ओरॅकल ई-बिझनेस सूट, कंपनीचे हिशेब, खरेदी, पगार सांभाळणारं सॉफ्टवेअर, आहे असं धरून चालू, कारण आमची निम्मी हयात त्यातच गेली. कॉपी सुरू करण्याआधी प्रॉडवर अ‍ॅडप्रीक्लोन नावाची स्क्रिप्ट चालवायची असते. एकदा डेटाबेसच्या बाजूला, एकदा अ‍ॅप्लिकेशनच्या बाजूला. प्रॉड आज ज्या अवस्थेत आहे तिच्यावरून ती साचे तयार करून ठेवते. पण तुम्ही कशाला चालवताय? मागच्या दिवाळीत चालवली होती की. त्यानंतर पडून पडून दुरुस्तीचे पॅच किती पडले असतील?

कॉपी झाली की टेस्टवर अ‍ॅडसीएफजीक्लोन. ही स्क्रिप्ट स्थळ बघायला आलेल्या पाहुण्यांसारखी प्रश्न विचारते: सर्व्हरचं नाव काय, डिरेक्टरी कुठली, पोर्ट पूल किती. दिसेल त्या प्रश्नावर एंटर मारत सुटा. पोर्ट पूल म्हणजे ० ते ९९ मधला एक आकडा. तो मूळ पोर्टमध्ये, म्हणजे सिस्टिमच्या दाराच्या नंबरात, मिळवला जातो, म्हणजे १० दिलं तर डेटाबेस १५२१ ऐवजी १५३१ वर बसतो आणि वेब ८००० ऐवजी ८०१० वर. त्याच मशीनवर आधीपासून दुसरं टेस्ट चालू असेल तर त्याचाच आकडा द्या. एका नळावर दोन बिऱ्हाडं भांडतात तशी दोन्ही एन्व्हायर्न्मेंट भांडतील आणि तुमची शनिवारची करमणूक होईल. लॉग वाचायचा नसतो. शेवटच्या ओळीत 'सक्सेसफुली' दिसलं की उठायचं.

लॉगिनचं पान उघडलं? झालं तर मग. त्याचा स्क्रीनशॉट ग्रुपवर टाका, तीन अंगठे येतील. आता काही खडूस मंडळी म्हणतील की खरं काम इथून पुढे आहे. त्यांचं ऐकू नका. क्लोनमध्ये प्रॉडच्या सगळ्या आठवणी जशाच्या तशा येतात: एफएनडी नोड्स नावाच्या टेबलमध्ये जुन्या सर्व्हरची नावं, रांगेत उभ्या कॉन्करंट रिक्वेस्ट (पडद्यामागे आपोआप चालणारी कामं), न पाठवलेल्या मेल, सप्लायरचे खरेखुरे ईमेल पत्ते. हे सगळं साफ करायची यादी आमच्याकडेही होती. ती एका सीनिअरच्या डोक्यात होती आणि तो नोटीस पिरिअडवर होता.

तेव्हा रांगेतली ही कामं चालवणारा कॉन्करंट मॅनेजर बिनधास्त चालू करा. रात्री अकराला प्रॉडवर जी पेमेंट बॅच सुटते, ती टेस्टवरही अकरालाच सुटेल आणि बँकेच्या फोल्डरचा पत्ता तोच असेल तर फाइलही तिथेच नेऊन ठेवेल. एकाच बिलाचे पैसे दोनदा मिळाल्याची तक्रार सप्लायर कधीच करत नाही.

वर्कफ्लो मेलरला, म्हणजे मंजुरीच्या मेल पाठवणाऱ्या आणि त्यांची उत्तरं वाचणाऱ्या प्रोग्रामला, तर हातही लावू नका. प्रॉडवर त्याचं नाव डब्ल्यूएफमेल, टेस्टवरही डब्ल्यूएफमेल, इनबॉक्सही तोच. साहेब एअरपोर्टवर बसून मोबाईलवरून 'अप्रूव्ह'चं उत्तर पाठवतात. प्रॉडच्या आधी टेस्टच्या मेलरची नजर पडते आणि तो ते उचलतो. टेस्टमध्ये पीओ (खरेदीची ऑर्डर) मंजूर, प्रॉडमध्ये तसाच लटकलेला. परचेसवाला रोज आठवण करतो, साहेब म्हणतात मी मंगळवारीच मंजूर केलाय, आणि दोघंही गळ्याशपथ खरं बोलत असतात. अशा वेळी तुम्ही "नेटवर्क इश्यू दिसतोय" एवढंच म्हणायचं.

आमच्या एका जुन्या ठिकाणी टेस्टवरचा मेलर असाच मोकाट राहिला होता. तपासणाऱ्या मुलाने एक पीओ केला: हातमोजे, ९९९९ जोड, शेऱ्यात 'टेस्ट टेस्ट'. मंजूरही त्यानेच केला. सिस्टिमने इमानेइतबारे पीडीएफ बनवून सप्लायरला मेल केली. पाचव्या दिवशी गेटवर टेम्पो. सिक्युरिटीवाले मामा रजिस्टर घेऊन आमच्या मजल्यावर आले, "साहेब, तुमचा माल आलाय, पहिला लॉट, बाराशे जोड." ड्रायव्हरच्या हातात चलन, आणि चलनावर शेऱ्याच्या रकान्यात आमचंच 'टेस्ट टेस्ट' टाइप केलेलं. सप्लायरला फोन लावला तर तो म्हणाला, "मला वाटलं क्वालिटी टेस्टसाठी हवेत, म्हणून चांगले निवडून पाठवले."

स्क्रीनचा रंगही बदलू नका. टेस्टसाठी जावा कलर स्कीम वेगळी लावता येते, साइटच्या नावात मोठ्या अक्षरात 'टेस्ट' लिहिता येतं, दोन मिनिटांचं काम आहे. पण एकसारख्या दिसणाऱ्या दोन खिडक्या शेजारी-शेजारी उघड्या असण्यात जी गंमत आहे ती घालवू नका. ३० मार्चला अकाउंट्समधले काका सकाळी साडेनऊपासून डबाही न उघडता एंट्र्या मारत बसतात, आणि संध्याकाळी सातला विचारतात, "बाळा, माझ्या एकशे चाळीस एंट्र्या ट्रायल बॅलन्सला दिसत का नाहीयेत रे?" तेव्हा त्यांच्या मागे उभं राहून पत्त्याच्या पट्टीतला टेस्टचा ८०१० वाचणं आणि ते काकांना सांगणं हे येरागबाळ्याचं काम नव्हे.

पासवर्ड प्रॉडचेच राहू द्या, म्हणजे लक्षात ठेवायला सोपे. किंवा सगळ्यांना 'वेलकम१२३' करून चिकट कागदावर लिहून मॉनिटरला लावा. पगाराचं टेबल झाकू नका. बाहेरून आलेल्या कन्सल्टंटला चौथ्या दिवशी कळू दे की आपल्या शेजारच्याला किती मिळतात. दिलखुलास वातावरण तयार होतं. २०२३ चा वैयक्तिक डेटा संरक्षणाचा कायदा म्हणतो की डेटाच्या सुरक्षेत हयगय झाली तर २५० कोटी रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. पण कायद्यात 'टेस्ट' हा शब्द कुठे आहे, असं आमचे एक साहेब विचारायचे. वकिलाला मात्र त्यांनी कधी विचारलं नाही.

डेटाबेस लिंकचं, म्हणजे एका डेटाबेसमधून दुसऱ्यात जाणाऱ्या वाटांचं, राहिलंच. त्या अजून प्रॉडच्याच डेटा वेअरहाऊसकडे बोट दाखवत असतील. टेस्टवरून निवांत डिलीट मारा, आवाज दुसऱ्या इमारतीतून येईल.

एवढं सगळं निभावून सोमवारी सकाळी नऊला तुम्ही 'टेस्ट इज रेडी' अशी मेल टाकता. सोमवारी फायनान्समधून कोणी फिरकत नाही, त्यांचं ऑडिट चालू असतं. मंगळवार, बुधवार तसेच जातात. बाराव्या दिवशी एक जण लॉगिन करतो आणि पाच मिनिटांत फोन येतो.

"अरे, यात मागच्या आठवड्याची इनव्हॉइस दिसत नाहीयेत."

"क्लोन बारा दिवसांपूर्वीचा आहे ना."

"असं होय. मग जरा एक रिफ्रेश मारून देतोस का?"

त्या दिवशीही शुक्रवारच असतो.