जे गेले आणि जे ड्युटीवर राहिले

युद्धाची नुसती चाहूल लागली तरी ‘नोकरी सोडून आत्ता निघतो’ छापाच्या पोस्ट पडायला लागतात. लिहिणाऱ्याच्या भावनेवर मला शंका नाही. पण पोलिसाने असं निघायचं म्हटलं, तर त्याची गस्त कोण घालणार? पहिल्या महायुद्धातल्या ब्रिटनने या प्रश्नाचं उत्तर चार वर्षं टाळलं आणि मग ते चांगलंच महागात पडलं.

४ ऑगस्ट १९१४ ला ब्रिटन युद्धात उतरलं. युद्धमंत्री लॉर्ड किचनेरनी सैन्यासाठी एक लाख माणसांची हाक दिली. लष्कराच्या दृष्टीने पोलीस शिपाई म्हणजे आयती तयार माणसं: उंचेपुरे, धडधाकट, कवायत अंगात मुरलेली, हुकूम ऐकायची सवय. कित्येक जण तर आधी सैन्यातच होते आणि राखीव यादीत त्यांची नावं होती. त्यांना बोलावणं आलं, ते गेले. त्यांना सरसकट ‘स्वयंसेवक’ म्हणणं बरोबर नाही.

डॉनकास्टरचा पोलीस शिपाई जॉर्ज वायट असाच राखीव यादीतून कोल्डस्ट्रीम गार्ड्स या पायदळाच्या पलटणीत परतलेला. ऑगस्ट १९१४ च्या शेवटच्या आठवड्यात फ्रान्समधल्या लांद्रेसीजवळ जर्मनांनी एका शेतघराच्या अंगणातला पेंढा पेटवून दिला. शत्रू अवघ्या पंचवीस यार्डांवर. वायट गोळीबारात दोनदा धावत बाहेर गेला आणि आग विझवून आला. पुढे डोक्याला जखम झाली, रक्त डोळ्यांवर येऊन दिसेनासं होईपर्यंत तो गोळ्या झाडत राहिला. डॉक्टरने पट्टी बांधून मागे जायला सांगितलं, तर हा पुन्हा आघाडीवर. त्याला व्हिक्टोरिया क्रॉस हे ब्रिटनचं सर्वोच्च शौर्यपदक मिळालं. युद्धानंतर गडी परत डॉनकास्टरच्या पोलिसात!

आपखुशीने जाऊ पाहणाऱ्यांची गोष्ट वेगळी. त्यांना आधी वरिष्ठांची परवानगी लागायची. १९१४ च्याच एका कायद्याने अशा परवानगीने गेलेल्यांची सैन्यातली वर्षं पेन्शनसाठी धरायची सोय केली. मला ही तरतूद फार महत्त्वाची वाटते. पेन्शनचा हिशेब करून गेला म्हणून कुणाचं शौर्य कमी होत नाही. घरचं बघेल कोण, ही काळजी मिटली की माणसाचा पाय उचलतो, एवढंच.

आता मागे राहिलेल्यांकडे या. १९१० मध्ये कायद्याने मिळालेली आठवड्याची सुटी १९१५ मध्ये गोठवली. पेन्शनची वर्षं भरली तरी निवृत्ती नाही. रिकाम्या जागांवर हंगामी स्पेशल कॉन्स्टेबल. १९१७ च्या हवाई हल्ल्यांत लंडनचे पोलीस छातीवर ‘आडोसा घ्या’ अशी पाटी अडकवून सायकलवरून रस्तोरस्ती फिरायचे. डोक्यावर विमानं, आणि बाकी सगळ्यांना आत पाठवून हे एकटे बाहेर! महागाई भडकलेली, पगार मात्र रडतखडत वाढणारा.

३० ऑगस्ट १९१८ ला, ऐन युद्धात, लंडनच्या पोलिसांनी संप केला. देशद्रोह वगैरे आरडाओरड करणाऱ्यांनी मागण्या वाचाव्यात: पगारवाढ, पोलिसांच्या संघटनेला मान्यता, बडतर्फ सहकाऱ्याला परत घ्या. पंतप्रधान लॉइड जॉर्ज यांना स्वतः बोलणी करावी लागली. पगार वाढला, विधवांना पेन्शन मिळाली, सहकारी परत आला; संघटनेला मान्यता तेवढी मिळाली नाही. लंडनचे पोलीस कमिशनर एडवर्ड हेन्री यांनी राजीनामा दिला (हे तेच, बंगालमध्ये बोटांच्या ठशांची पद्धत बसवणारे). त्यांच्या जागी आणलं कुणाला? जनरल नेव्हिल मॅक्रेडींना. पोलीस सैन्यात गेले होते, आता सैन्य पोलिसात आलं.

पुढच्या वर्षी संघटनेवरच बंदी आणणारा कायदा आला. त्याविरुद्ध ऑगस्ट १९१९ मध्ये पुन्हा संप झाला. लंडनपेक्षा लिव्हरपूलमध्ये जोर जास्त. २,३०० हून अधिक पोलीस बडतर्फ झाले, कुणालाही परत घेतलं नाही. त्यांत युद्धावरून परतलेलेही होते. गणवेश घालून लढायला गेलेल्याचं कौतुक करणारं सरकार, तोच माणूस पगारावर बोलला की त्याला ओळखसुद्धा दाखवत नाही, हे मला त्या रणांगणाइतकंच लक्षात ठेवण्यासारखं वाटतं.

दुसऱ्या महायुद्धात सरकारने हात आखडता घेतला. पोलिसांना बऱ्याच अंशी जागेवरच धरून ठेवलं आणि १९४१ मध्ये हवाई दलाला वैमानिक कमी पडू लागले, तेव्हा विमानावरच्या कामासाठी त्यांना अर्ज करू दिले. म्हणजे तेव्हाही दार उघडलं ते पोलिसाच्या इच्छेने नाही, सरकारच्या नडीने.