माझा चाचा तिच्यामुळे सुधारत नाही (एका प्रतिक्रियेला उत्तर)

तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. पहिल्यांदा राग आला, खोटं कशाला बोलू. तुमचं म्हणणं थोडक्यात असं, की माझ्या कादंबरीतला चाचा (समुद्री लुटारू) एका गुत्तेवाल्या बाईच्या चार टोमण्यांनी सुधारतो हे बाळबोध आहे, 1718 सालच्या नासाऊमधली (बहामा बेटांवरचं बंदर) बाई एवढी हट्टी असणं शक्यच नाही, आणि लुटारूला हिरो करून मी त्याची पापं धुतलीयेत. यातल्या एका मुद्द्यावर मी सपशेल हरलेय, तो शेवटी घेते.

सुधारण्याचं म्हणाल तर अहो तो तिच्यामुळे चाचेगिरी सोडतच नाही! तिसरा भाग परत बघा, तो माफी घेतो तेव्हा त्याने तिला पाहिलेलंही नाहीये. इंग्लंडच्या पहिल्या जॉर्जने सप्टेंबर 1717 मधे जाहीरनामा काढला, की 5 सप्टेंबर 1718 पर्यंत शरण या, 5 जानेवारी 1718 च्या आधीची चाचेगिरी माफ. थकबाकीवाल्यांसाठी अभय योजना निघते ना, अगदी तसंच, तारखांसकट. मग काय, भराभर लोकांनी माफी घेतली आणि त्यातले कित्येक परत समुद्रावर गेले. स्टीड बॉनेट तर माफी घेऊन, नाव बदलून परत लुटायला लागला आणि डिसेंबर 1718 मधे चार्ल्सटनला फासावर गेला. उलट बेंजामिन हॉर्निगोल्ड, एकेकाळचा नासाऊचा मोठा चाचा, तो गव्हर्नर वुड्स रॉजर्सच्या बाजूने जुन्याच साथीदारांना पकडायला निघाला, आणि त्याने धरून आणलेल्यांपैकी आठ जणांना त्याच डिसेंबरात नासाऊमधे लटकवलं. आता यातला सुधारलेला कोण, तुम्हीच सांगा. माझ्या नायकाच्या खिशात राजाच्या माफीचा कागद आहे आणि ती तो कागद हातातसुद्धा घेत नाही, एवढीच तर लव्हस्टोरी आहे.

हट्टी बाईचं मात्र मला मुळीच पटलं नाही. अ‍ॅन बॉनी आणि मेरी रीड या दोघी चाच्यांबरोबर 1720 मधे नासाऊच्याच बंदरातून चोरलेल्या जहाजावर होत्या. जमैकात खटला चालला तेव्हा डोरोथी थॉमस नावाच्या बाईने साक्ष दिली, की दोघी पुरुषी कपड्यात, हातात पिस्तुलं घेऊन शिव्या देत होत्या आणि हिला मारून टाका, नाहीतर ही आपल्याविरुद्ध बोलेल असं पुरुषांना सांगत होत्या. (आणि बोललीच की ती!) दोघींना फाशी सुनावली, पण गरोदर आहोत म्हणाल्या म्हणून ती पुढे ढकलली. त्यांच्यापुढे माझी गुत्तेवाली अगदीच गरीब गाय आहे हो.

आणि तिचा हट्ट म्हणजे नखरा नाही. ती विधवा आहे. इंग्रजी कायद्यात विधवेची मालमत्ता तिची स्वतःची, पण परत लग्न केलं की पैसा, सामान, चालता धंदा सगळं नवऱ्याच्या हातात. कालपर्यंत लुटत असलेल्या माणसाला ही स्वतःहून किल्ल्या देणार? पाचव्या भागातला तिचा नकार तुम्हाला उगाच लांबवलेला वाटला, मला तर तो कमीच पडला असं वाटतंय.

आता पापं धुण्याचं. इथे तुम्ही बरोबर आहात. नायकाचं भूतकाळातलं सगळं मी "काही जहाजं लुटली होती" या एका ओळीत उरकलंय, जसं काही जहाजांवर माणसंच नव्हती. ब्लॅकबिअर्ड नावाच्या चाच्याचं ते प्रसिद्ध जहाज मुळात गुलामांची वाहतूक करणारं फ्रेंच जहाज होतं, नोव्हेंबर 1717 मधे पकडलेलं, आणि त्यातल्या बहुतेक आफ्रिकन कैद्यांची सुटका वगैरे झाली नाही, ते परत फ्रेंचांच्याच ताब्यात गेले. हे मला लिहायच्या आधीपासून माहीत होतं. तरी माझ्या नायकाचं जहाज कुठून आलं, त्याच्या पोटात कोण होतं, हे मी लिहिलंच नाही, कारण तो मला आवडायला लागला होता.

नवव्या भागात ती त्याला नेमकं हेच विचारणार आहे. लग्नाचा सीन लिहून तयार होता, तो सध्या काढून ठेवलाय.