मराठी माध्यमावर नसता ठपका

‘वॉकिंग’सारख्या ‘इंग’ प्रत्यय लागलेल्या क्रियापदाने सुरू होणारे इंग्रजी वाक्य चुकीचेच असते, मराठीतून विचार करणारी मुलेच तसे लिहितात, आणि कर्मणी प्रयोग केला की ते सुधारते, असा मजकूर सध्या सोलापुरातल्या पालकांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटांवर फिरतो आहे. तो वाचून बारावीतल्या माझ्या भाचीने निबंधाच्या वहीतली सात वाक्ये लाल रेघ मारून खोडली. त्यांतली सहा बिनचूक होती.

पहिला मुद्दा क्षणभरही टिकत नाही. कॉर्नेल विद्यापीठातले प्राध्यापक विल्यम स्ट्रंक यांनी १९१८ साली छापलेल्या लेखन-नियमांत सांगितले आहे, की वाक्यारंभीच्या धातुसाधिताचा, म्हणजे क्रियापदापासून बनलेल्या अशा रूपाचा, संबंध वाक्याच्या कर्त्याशीच असला पाहिजे. आणि त्यांचे पहिलेच उदाहरण ‘वॉकिंग स्लोली डाउन द रोड’ असे सुरू होते. ‘इंग’ला बंदी नाही, कर्ता सुटायला बंदी आहे.

दुसरा मुद्दा मात्र मुलांचे खरे नुकसान करणारा आहे. स्ट्रंक यांच्यासमोर बसणारे विद्यार्थी अमेरिकेतले होते, आणि नियम बजावून सांगावा लागला तो त्यांनाच. मग ही चूक मराठी माध्यमाची कशी? भाचीचे सातवे वाक्य होते, ‘वॉकिंग अराउंड द सिद्धेश्वर लेक, द फोर्ट लुक्ड ब्यूटिफुल.’ येथे व्याकरणाप्रमाणे तळ्याभोवती किल्लाच फिरतो. ‘तळ्याकाठी फिरताना किल्ला सुंदर दिसत होता’ हे मराठीत निर्दोष आहे, कारण ‘फिरताना’तल्या ‘ताना’ प्रत्ययाला वेगळा कर्ता चालतो, तेव्हा असे वाक्य मराठीतून इंग्रजीत उतरू शकते, एवढे मान्य करावे लागते. पण त्याच मराठीत ‘जेवून’मधला ‘ऊन’ प्रत्यय सहसा वेगळा कर्ता खपवून घेत नाही. ‘मी जेवून ताई झोपली’ असे सोलापुरातले लहान मूलही म्हणणार नाही. म्हणजे जो नियम मुलांना येतच नाही असे सांगितले जाते, तो त्यांच्या कानात आधीपासून बसलेला आहे, आणि शिकवणाऱ्याने तिथूनच सुरुवात करायला हवी. अशा मुलांना ‘तुमच्या भाषेमुळेच तुम्ही चुकता’ असे सांगणे मला अक्षम्य वाटते.

कर्मणी प्रयोगाचा उपाय तर उलटा आहे. त्यात करणाराच बहुधा वाक्यातून जातो, आणि धातुसाधित अधांतरी राहण्याची शक्यता वाढते. ‘कन्सिडरिंग’, ‘रिगार्डिंग’ हे शब्दही त्या मजकुरात चुकीचे ठरवले आहेत. ते आता शब्दयोगी अव्ययांसारखे रुळले आहेत आणि त्यांना कर्ता लागत नाही.

नोकरीच्या अर्जात मात्र सांभाळावे. ‘हॅविंग कम्प्लीटेड माय डिग्री, युअर कंपनी’ असे लिहिले, तर पदवी कंपनीने घेतली असा अर्थ होतो.

भाचीने सातव्या वाक्यात ‘द फोर्ट लुक्ड ब्यूटिफुल’ काढून ‘आय सॉ द फोर्ट’ घातले. उरलेली सहा वाक्ये तिला पुन्हा होती तशीच लिहून काढावी लागली.