लिओनार्दोचं हेलिकॉप्टर उडालंच नसतं

लिओनार्दो दा विंचीवरचा एक फॉरवर्ड अधूनमधून सगळ्या ग्रुपांवर फिरत येतो. म्हणे, या माणसाने ५०० वर्षांपूर्वीच हेलिकॉप्टर, रणगाडा आणि सायकल शोधली, चर्चच्या धाकाने सगळं उलट्या अक्षरांत लिहिलं, आणि जगाने त्याचं ऐकलं नाही म्हणून विज्ञान मागे पडलं. माणूस अफाट होता, वादच नाही. फॉरवर्ड मात्र टिकत नाही.

हेलिकॉप्टर म्हणजे खळ दिलेल्या लिननचा एक भलामोठा स्क्रू. तो गरगर फिरवला की हवेत चढेल, ही कल्पना. पण इंजिनच नाही, आणि माणसाच्या अंगातली ताकद एवढं वजन उचलायला पुरत नाही.

रणगाड्याची तर गंमतच आहे. चित्रातली दातेरी चाकं अशी जोडली आहेत की पुढची आणि मागची चाकं एकमेकांविरुद्ध फिरतील. गाडी जागची हलणार नाही. शत्रूच्या हाती पडू नये म्हणून ही चूक मुद्दाम ठेवली, असं भक्त सांगतात. असेलही, पण पुरावा? शिवाय ग्विदो दा व्हिजेव्हानो या इटालियन वैद्याने १३३५ मध्येच वाऱ्यावर चालणारी युद्धगाडी रेखाटली होती. सायकलचं चित्र १९७० च्या दशकात उजेडात आलं आणि बहुतेक अभ्यासक ते बनावट मानतात.

उलटी अक्षरं? गडी डावखुरा होता. उजवीकडून लिहिलं की ओली शाई फिसकटत नाही. आरसा धरला की कुणालाही वाचता येईल, ही कसली गुप्तलिपी! पुढे रोममध्ये एका जर्मन कारागिराने पोपकडे चहाडी केली आणि त्याच्या शवविच्छेदनात अडथळा आला, एवढं खरं. पण उलटं लिहिण्याची सवय त्याआधी कित्येक वर्षांची. फ्लॉरेन्सच्या सांता मारिया नुओव्हा रुग्णालयात त्याने शंभरी गाठलेल्या म्हाताऱ्याचं शव उघडलं, आकसलेल्या रक्तवाहिन्या टिपल्या, तेव्हा कुणी अडवलं नव्हतं.

खरं थक्क करणारं काम फॉरवर्डमध्ये नाहीच. हृदयातून निघणाऱ्या महाधमनीच्या मुळाशी रक्त कसं वाहतं हे बघायला त्याने काचेच्या नमुन्याची योजना आखली, त्यातून पाणी आणि गवताचं बी सोडायचं ठरवलं. मुळाशी भोवरे उठतात आणि तेच झडप मिटायला मदत करतात, हे त्याने लिहून ठेवलं. विसाव्या शतकातल्या प्रयोगांत ते खरं ठरलं. रक्ताभिसरण मात्र त्यालाही उलगडलं नाही.

राहिलं जगाने न ऐकण्याचं. ऐकणार काय? शरीररचनेवरचं त्याने काहीच छापलं नाही. १५१९ मध्ये तो गेला, कागद शिष्य मेल्झीकडे राहिले. १५४३ मध्ये व्हेसालिअस या डॉक्टरने शरीररचनेवरचा आपला ग्रंथ छापला आणि युरोपातले डॉक्टर तो वाचून शिकले.