म्हणे फायरवॉल!

ब्लॉक म्हणजे ब्लॉक. आमच्या परभणीत तरी या शब्दाला दुसरा अर्थ नाही. रस्ता ब्लॉक म्हटलं की रस्ता ब्लॉक. नंबर ब्लॉक म्हटलं की मेहुण्याचा फोन तीन महिने लागत नाही, हे मी स्वतः करून पाहिलंय. पण संगणकावर फायरवॉलच्या, म्हणजे नेटच्या दारावरच्या राखणदाराच्या, नियमापुढं तो लाल गोल आणि त्यातली तिरकी पट्टी ढळढळीत दिसत असताना, ज्याला ब्लॉक केलंय तोच पत्रिका बनवायचा प्रोग्राम माझ्या मोबाइलचं २ जीबी नेट ढसाढसा पिऊन मोकळा होतो आणि फायरवॉल देवडीवर पान लावत बसते. वर कोपऱ्यात हिरवी टिक. सगळं सुरक्षित आहे म्हणे. कुणाचं?

काल सकाळी दहाला समोरच्या नळाच्या खोदकामात गल्लीची फायबर तुटली. तोडणाराच वर मान करून विचारतो, "कुणाची हो वायर?" ठीक आहे, सवय आहे. मोबाइलचं हॉटस्पॉट लावलं आणि कामाला बसलो. ७०० पत्रिकांची ऑर्डर, नांदेडच्या प्रेसला चारच्या आत फाइल पाहिजे, नाहीतर त्यांचं मशीन दुसऱ्या कामाला लागणार. पोरीचे वडील, जिंतूरकडचे मामा, समोर प्लास्टिकच्या खुर्चीत नावांची वही मांडीवर घेऊन बसलेले. "चुलत्यांच्यात धाकल्याचं नाव राहिलं बघा भैय्या." लग्नपत्रिकेत राहिलेलं धाकल्याचं नाव म्हणजे काय भानगड असते ते इथं कुणाला सांगायला नको. मी निमूट नाव टाकत होतो.

साडेअकराला मेसेज आला, आजचा ५० टक्के डेटा संपला. पावणेबाराला दुसरा, १०० टक्के. अरे, मी केलं काय? एक चुलता वाढवला!

तेवढ्यात लाइटीनं झटका दिला. इन्व्हर्टर जागा होईपर्यंत संगणक पडून उठला, प्रोग्राम उघडला तर फुगे. खरोखर रंगीत फुगे. नव्या आवृत्तीत आपलं स्वागत आहे. आणि फुग्यांच्या मागं माझी पत्रिका. 'आमचे येथे श्रीकृपेकरून' होतं तिथं इंग्रजी अक्षरं, टक्के, कंस, उद्गारचिन्हं. नवरीच्या आजोबांच्या नावात मधोमध डॉलर. खाली 'आमच्या मावशीच्या लग्नाला यायचं हं' म्हणणाऱ्या चिल्लर पार्टीचं तर नुसतं अर्धविराम आणि शून्य झालेलं.

मामा वाकून बघत म्हणाले, "भैय्या, हे इंग्रजीत कामून करायलाव? आमच्याकडं कुणाला वाचता येईना."

त्यांना काय सांगू? आमचे पत्रिकेचे वळणदार फॉन्ट जुन्या टाइप-वन घराण्यातले, १९८४ सालच्या तंत्रावरचे. युनिकोडच्या, म्हणजे प्रत्येक लिपीच्या अक्षराला स्वतःचा आकडा मिळाला त्याच्या, आधीचा कारभार. आत इंग्रजी अक्षरं बसलेली, वरून मराठीचा मुखवटा. फॉन्ट काढला की मुखवटा गळतो आणि आजोबांच्या नावातून डॉलर बाहेर येतो. प्रोग्रामची नवी आवृत्ती या फॉन्टांना उंबऱ्यातूनच हाकलते. म्हणून तर मी ते अपडेट अडवून बसलो होतो ना!

आणि हो, प्रोग्राम चोरीचा नाही. 'याचं नेट बंद करायचंय' म्हटलं की ऐकणाऱ्याच्या भुवया लगेच वर जातात. बिल आहे माझ्याकडं. लॅमिनेशन करून ठेवलंय, धंदाच तो आहे.

या फायरवॉल प्रकरणात माझी अर्धी अक्कल आधीच खर्च झालेली. २००४ मध्ये विंडोज एक्सपीचा सर्व्हिस पॅक २ हा मोठा अपडेट आला आणि विंडोजची फायरवॉल आपोआप चालू यायला लागली, तेव्हा मी एका सायबर कॅफेत चहा सांगायच्या कामावर होतो. ती फायरवॉल बाहेर जाणाऱ्याला अडवायचीच नाही. तशी सोय एक्सपीनंतरच्या विंडोज व्हिस्टापासून आली. सोय आली, पण मुळातली सेटिंग आजही तीच. न बोलावता आत येणाऱ्याला अडवा, बाहेर जाणाऱ्याला जाऊ द्या. आमच्या आजोळच्या वाड्याची देवडी अशीच होती. आत शिरताना "कोण, कुठले, कुणाकडं?" आणि बाहेर जाताना कुणाच्या धोतराच्या सोग्यात काय बांधलंय, कुणी बघायचं नाही.

ती 'परवानगी द्यायची का' विचारणारी खिडकी आठवते? मी एकदा मोठ्या तोऱ्यात 'रद्द करा' दाबलं आणि सहा महिने समाधानात काढले, की बसवलं याला घरी. ती खिडकी फक्त आत येणाऱ्याबद्दल विचारते. बाहेर जायला त्याला माझी परवानगी कधी लागलीच नव्हती. मग मी नियम करायला बसलो तर पहिल्या रात्री तोही इनबाउंडच्या, म्हणजे आत येणाऱ्यांच्या, यादीत केला. बाहेर जाणाऱ्यांची आउटबाउंड म्हणून वेगळी यादी आहे हे दुसऱ्या रात्री कळलं. ते दाखवणारा चौदा मिनिटांचा व्हिडिओ होता, त्यात पहिली साडेपाच मिनिटं 'नमस्कार मित्रांनो', ढोलकी, आणि घंटी दाबा. घंटी!

बरं, आउटबाउंडला नियम केला. चालला आठवडाभर. नियम असतो फाइलच्या पत्त्यावर. या पठ्ठ्यानं अपडेट घेतलं, नव्या आकड्याचं नवं फोल्डर केलं आणि तिथं राहायला गेला. माझा नियम जुन्या पत्त्यावर, रिकाम्या घरापुढं काठी घेऊन उभा. परत जुनी आवृत्ती टाकली, तेव्हा कळलं की अपडेट आणणारी ईएक्सई, म्हणजे प्रोग्राम चालवणारी फाइल, वेगळीच असते, मुख्य प्रोग्रामला अडवून उपयोग शून्य. काही प्रोग्राम तर स्वतः उठतही नाहीत. विंडोजच्या बॅकग्राउंड सेवेला हमाल म्हणून धाडतात, दारावर नाव लागतं एसव्हीसीहोस्ट. आता त्याला अडवावं तर आख्ख्या विंडोजचाच श्वास कोंडायचा. मधे अँटिव्हायरसवाल्यानं तीन वर्षांचं पाकीट गळ्यात मारलं होतं. त्यानं स्वतःची फायरवॉल आणून विंडोजच्या फायरवॉलला रजेवर पाठवलं आणि माझे नियम महिनाभर नुसते फ्रेम करून लावल्यासारखे. ते पाकीट काढलं तर जाता जाता विचारतो, 'तुम्ही आम्हाला का सोडताय?' पर्याय पाच, त्यात 'डोकं फिरलं' नाही.

'नंतर आठवण करा' हे बटण ज्यानं शोधलं त्याला मे महिन्यात दुपारी एकला परभणी स्टँडवर उभा करावा. 'कधीच नको' असं बटण द्यायला काय पैसे पडतात?

तर काल. हिंजवडीतल्या भाच्याला फोन लावला, स्पीकरवर. तो म्हणाला, "मामा, रिस्टार्ट करून बघितलं?" खुर्चीतले मामाही "हां?" म्हणाले. मी काय म्हणालो ते लिहीत नाही. मग त्यानं विचारलं, "बरं, हॉटस्पॉटचं प्रोफाइल काय दाखवायलंय? पब्लिक की प्रायव्हेट?"

पब्लिक.

"आणि तुमचा नियम?"

इथं थोडं थांबून कपाळाचा घाम पुसतो.

नियम बनवताना शेवटून दुसऱ्या पायरीवर तीन चौकोन असतात. डोमेन, प्रायव्हेट, पब्लिक. तिन्हींत टिक आधीच लावलेली असते. माणसानं नुसतं 'पुढे' दाबायचं असतं. मी शहाण्यानं डिसेंबरात बसून दोन काढल्या. डोमेन म्हणजे काय ते कळलं नाही म्हणून काढली. आणि पब्लिक काढली, कारण दुकान माझं स्वतःचं आहे, खाजगी आहे, पब्लिकचा काय संबंध? दुकानाचं वायफाय प्रायव्हेट म्हणून नोंदलेलं, तिथं नियम इमानेइतबारे राबला. काल हॉटस्पॉट आलं, विंडोजला ते परकं, त्यानं पब्लिक धरलं. तिथं माझा नियम लागूच नव्हता. म्हणजे गेले पाचशे शब्द मी ज्या राखणदाराला शिव्या घालतोय, त्याची हद्द मीच आखून दिली होती.

तरी राग जात नाही. 'पब्लिक' हा शब्द तिथं ठेवणाऱ्याला काय धाड भरली होती? 'परकं नेटवर्क' लिहा ना!

पेनड्राइव्हवरून जुनी आवृत्ती टाकली, नेट उपटून. देवाची कृपा, फाइल सेव्ह केलेली होती. आजोबांचा डॉलर गेला, चिल्लर पार्टी परत आली. साडेतीन झाले. फाइल ८० एमबीची, त्यात गणपती एकटाच निम्मा. डेटा संपल्यावर वेग ६४ केबीपीएस, म्हणजे पावणेतीन तास. टॉप-अप मारलं तर विंडोजला आत्ताच स्वतःचं काहीतरी आठवलं आणि तो मीटर पळायला लागला. मीटर्ड कनेक्शनची, म्हणजे 'हे नेट मोजून आहे, जपून वापर' अशी, खूण करायची राहिली होती, हे भाच्यानं नंतर सांगितलं. भाचे सगळं नंतर सांगतात.

शेवटी मामांनी बंडीच्या खिशातून मोबाइल काढला. "माझं नेट घ्या की. मी दिवसात एक भजन ऐकतो." हॉटस्पॉट लावायला हात गेला आणि मी चटका बसल्यासारखा मागं घेतला. ते पण परकंच नेटवर्क! वायर लावून फाइल त्यांच्या फोनमध्ये टाकली आणि तिथून प्रेसला पाठवली. चारला पाच कमी. मामा म्हणाले, "हे लईच सोपं निघालं की." हो मामा.

रात्री बसून रागाच्या भरात त्या प्रोग्रामच्या फोल्डरातल्या ११ च्या ११ ईएक्सई ब्लॉक केल्या. आउटबाउंड. तिन्ही चौकोनांत टिक. झोप छान लागली.

आज सकाळी प्रोग्राम उघडला तर म्हणतो, परवान्याची खात्री करता येत नाही, कृपया इंटरनेट तपासा. लॅमिनेशन केलेलं बिल स्क्रीनसमोर धरून पाहिलं. नाही. सध्या 'नंतर आठवण करा' दाबलंय.