त्रिकोण नव्हे, कोन

दाढ नंतर उपटली गेली. त्याआधी दवाखान्याच्या बाकावर एका आजोबांनी माझ्या हातातली पाच खंडांची कादंबरीमालिका मुळासकट उपटली, तीही भूल न देता.

मी दुसऱ्या खंडाच्या ३१२व्या पानावर होतो. नायिका सतरा वर्षांची. राज्य बुडायला आलंय आणि हिला प्रश्न एकच, दोघांपैकी कोण? एक सावल्यांतून प्रकटणारा राजपुत्र, वय पाचशे, पण शर्टाची वरची दोन बटणं लावायला अजून शिकलेला नाही. दुसरा शेजारचा लोहार, लहानपणापासूनचा, हिच्यापायी दोनदा मरता मरता वाचलेला. मी अर्थात लोहाराच्या बाजूने.

"प्रेमाचा थरारक त्रिकोण," शेजारच्या आजोबांनी मलपृष्ठ मोठ्याने वाचलं. "साफ चूक."

गालावर रुमाल दाबून बसलेले निवृत्त भूमितीचे शिक्षक. त्यांनी माझ्याकडून पेन घेतलं आणि माझ्याच नंबराच्या चिठ्ठीवर आकृती काढली.

"हिचं याच्यावर प्रेम, ही एक बाजू. हिचं त्याच्यावर, ही दुसरी. आता त्या दोन पोरांचं एकमेकांवर आहे का?"

"छे! ते एकमेकांच्या जिवावर उठलेत."

"मग तिसरी बाजू कुठाय? हा नुसता कोन. मुलगी शिरोबिंदू. आणि चौथ्या खंडात यातली एक भुजा पुसतात…"

"सर, सांगू नका!"

"…म्हणजे तुमचा लोहार मरतो. उरला नुसता किरण. किरण एका टोकाला सुरू होतो आणि पुढे संपतच नाही. म्हणून पाचवा खंड."

नात वाचते म्हणून यांनी वाचलं होतं, तेही वहीत नोंदी करत. "पहिल्या खंडात राजपुत्राच्या डोळ्यांचा उल्लेख सत्तेचाळीस वेळा, लोहाराच्या डोळ्यांचा नऊ. निकाल तिथेच लागला होता. तुम्ही उदाहरण नीट वाचलं नाहीत."

माझा राग आजोबांवर होता, पण त्यातला निम्मा त्या लेखिकेकडे वळला. सत्तेचाळीस विरुद्ध नऊ! म्हणजे निवड कधी नव्हतीच. आम्ही सातशे-सातशे पानं लोहाराची वकिली करायची आणि न्यायाधीशबाईंनी निकालपत्र आधीच टंकून ठेवलेलं. त्यातून हरलेल्या पोराची विल्हेवाट कशी लावतात ते बघा. 'ट्वायलाइट' या अशाच प्रेमकादंबऱ्यांचे चार भाग २००५ ते २००८मध्ये आले. नायिकेवर जीव लावणारे दोघे, एडवर्ड आणि जेकब; जगभर त्यांचे असे दोन तट पडले, लोक छातीवर नाव मिरवणारे टी-शर्ट घालून फिरले. एडवर्ड हा न मरणारा व्हॅम्पायर, १९१८ पासून सतराव्या वर्षात अडकलेला, तरी अजून शाळेत जातो. (शंभरी ओलांडली तरी शाळा सुटत नाही, याला शाप म्हणायचं सोडून लोक मोहक म्हणतात.) आणि जेकब? शेवटच्या भागात त्याचा जीव जन्मभरासाठी जडतो तो नायिकेच्या नुकत्याच जन्मलेल्या मुलीवर. इथे कोणाला हसू येत असेल तर येवो. मला तेव्हाही आलं नव्हतं.

'द इन्फर्नल डिव्हायसेस' या दुसऱ्या अशाच कादंबरीमालिकेची नायिका त्या मानाने व्यवहारी. ती स्वतःच अमर. एकाशी लग्न करते, त्याचा संसार आणि म्हातारपण निभावते, तो गेल्यावर कित्येक वर्षांनी दुसरा. हे वाचलं नव्हतंत? असू दे. माझा लोहार गेला तेव्हा माझीही परवानगी कोणी घेतली नव्हती.

नंबर पुकारला. चिठ्ठीवरच्या आकृतीमुळे तो बाईंना वाचता येईना, म्हणून माझ्या आधी आणखी एकाला सोडलं.

बाहेर आलो तेव्हा अर्धा जबडा बधिर, तोंडात कापूस, आणि माझं पेन आजोबांच्या खिशाला.

"फेन," मी म्हणालो.

त्यांनी वर पाहिलं. "फॅन? चालू आहे की."